आजारी पडायला पेरलेली ओळ

दर वीस ओळींमागे एक ओळ
आम्ही मुद्दाम आजारी पडायला पेरतो.
तिला फवारा नाही, माफी नाही.
तिच्यावर तांबेरा चढला
तरच शेजारणींची परीक्षा होते.

इंदूरहून सांवेरकडे जाताना डाव्या हाताला आमचं शेत.
जानेवारीतली सकाळ, पानापानावर दव.
मी गुडघ्यावर बसते, रुमाल काढते,
पांढरा, दर रविवारी उकळलेला,
आणि पान चिमटीत धरून एकदाच ओढते.
नुसतंच पिवळं पडलेलं पान रुमालाला काही सांगत नाही;
ते भुकेलेलं असतं, किंवा म्हातारं.
तांबेरा मात्र लगेच सही करतो:
विटकरी, कोरडी, कुंकवाहून जरा मळकट.

भेरूलाल बांधावरूनच ओरडतो, "बाई, गेरू आई गयो?"
इकडे त्याला गेरूच म्हणतात.
माझ्या वहीत त्याचा नुसता आकडा:
पानाचा किती भाग गेला.
पाच. दहा. चाळीस.
चाळीसच्या पुढे मी जरा हळू लिहिते.

कारण हा गहू मी खाल्लेला आहे.
वडील छावणीच्या बाजारातून पोतं आणायचे,
दाणा दाताखाली धरून, डोळे मिटून, मग भाव करायचे.
त्याची घडीची पोळी दुसऱ्या दिवशीही
डब्यात दुमडायची, मोडायची नाही.
नाव होतं त्याला.
आता पाटीवर "संवेदनशील" एवढंच.
माणसांत हा शब्द कौतुकाने वापरतात.

कुठून येतो हा तांबेरा?
मे महिन्यातल्या आमच्या उन्हात
त्याचा कण तगत नाही,
या तापल्या काळ्या मातीत
त्याला मामा नाही, मावशी नाही.
दूर दक्षिणेच्या डोंगरांत, जिथे गहू बारमाही हिरवा असतो,
तिथून निघतो म्हणे, एखाद्या वादळाचा हात धरून,
आणि अवेळच्या पावसाबरोबर खाली उतरतो.
दक्षिणेकडून येण्याचं मला काय नवल?
रामबागेतले आम्ही सगळे तिकडूनच आलो.
फरक एवढाच, की आम्ही उन्हाळ्यातही राहिलो
आणि तुपात बुडवून बाफले खायला शिकलो.

उमरावसिंह आंजना भल्या पहाटे मोटारसायकलवर आले.
त्यांच्या गव्हावर, खालच्या पानांना, तीन ठिपके.
रात्रभर झोप नाही, पंप भरून तयार.
"सगळीकडे मारून टाकू?"
म्हटलं, थांबा. आधी रुमाल.
मग कडेकडेने फिरलो, पाटाजवळची दाटी पाहिली,
जिथे युरिया सढळ हाताने पडला होता तिथली.
दव सुकू दे, वारा पडू दे,
डब्यावर लिहिलंय तेवढंच औषध, वर ओंजळभर नको.
आणि पुढच्या साली सगळ्या रानात एकच वाण पेरू नका,
एक घर पेटलं तर आळी जाते.
त्यांनी मान हलवली.
परत जाताना आमच्या त्या ओळीपाशी थबकले.
"आणि हिला? हिला का नाही वाचवत?"

मी उत्तर दिलं, अहवालात लिहितो तसं.
बरोबर होतं.
दोघांनाही पटलं नाही.

नळापाशी एप्रन उतरवते, कोपरापर्यंत साबण लावते.
एका शेताची धूळ दुसऱ्या शेतात
माझ्या बाहीवर बसूनही जाऊ शकते.
घरी कुणी विचारलं, दिवसभर काय करतेस,
तर सांगते: हात धुते.

मार्चअखेर कापणी.
त्या ओळीचे दाणे जिऱ्यासारखे, सुरकुतलेले, हलके.
दोन मुठी मागून घेतल्या, मिक्सरमध्ये दळल्या.
पोळी एकच झाली.
कडेला फाटली, मधे मऊ होती.
ओट्याशी उभ्यानेच खाल्ली, भाजी न घेता.

नोव्हेंबरात नव्या पाट्या आल्या.
भेरूलालने एकीच्या मागच्या बाजूला
खडूने जुनं नाव लिहिलं, एक काना चुकवून.
कुणाला दिसणार नव्हतं.
मी काना दुरुस्त केला.